कोरडे गुरुजी

२ मार्च २०२५, रविवार. खापर

नवे पास्टर आले. नगरकडचे आहेत, नाव नवनीत. वय मी निवृत्त होताना शिकवलेल्या पोरांएवढं, आवाज मात्र एस.टी. स्टँडवरच्या घोषणेसारखा. उपासना सुटल्यावर दारात उभे राहून एकेकाचा हात हलवत होते. माझी पाळी आली तसा मागून आमशा ओरडला, "पास्टर, हे आमचे कोरडे गुरुजी. मराठीचे!"

"वा! कोरडे सर! आमच्या तिकडे कोरडे पुष्कळ. तुमचं मूळ गाव कुठलं?"

मी म्हणालो, "इथलंच." मागे अर्धी मंडळी तोंडाला पदर लावून खोकत होती.

हे लिहून ठेवतो, नाहीतर मी गेल्यावर थडग्यावर कोरडे कोरतील. माझं नाव उदेसिंग वळवी. कोरडे ही पदवी आहे आणि ती आमशाने दिलेली आहे. आमच्या मंडळीत माणूस जाणता झाला की त्याला नदीत पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात. मी ख्रिस्ती घरात जन्मलो, गाणी गायलो, नाताळची नाटकं बसवली, पण नदीत उतरलो नाही. एका वर्षी हिवताप होता. एका वर्षी परीक्षेचे पेपर होते. एकदा नदीच आटली होती, तेव्हा मी सगळ्यांत जास्त हळहळलो. आमशा मंडळीचा वडील, म्हणजे पंच आहे, मस्करीतही वडील. "सगळं गाव भिजनं, मास्तर कोरडाच!" म्हणाला आणि ते चिकटलं.

बाप्तिस्मा नाही तर प्रभुभोजनही नाही. आज महिन्याचा पहिला रविवार. भाकरीचं ताट बाकावरून सरकत आलं. माझ्या बायकोने, दिवलीने तुकडा घेतला, ताट माझ्या हाती दिलं, मी पलीकडे सरकवलं. लग्नापासून हेच चाललंय. एस.टी.त दुसऱ्याचं तिकीट पुढे पोचवावं तसं.

५ मार्च, बुधवार

रूपालीचा नंदुरबारहून फोन. लेक नर्स आहे, त्यामुळे 'हॅलो'च्या आधी 'आईने गोळी घेतली का' येतं. दिवलीच्या हृदयाच्या नळ्या तुंबल्यात. सुरतच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, लांबवू नका म्हणालेत. पुढच्या सोमवारची तारीख मिळत होती.

दिवलीने नाही म्हणून सांगितलं. "व्हळी तोंडवर उनी. व्हळीमा घर सोडीसन कोन जास?"

होळीला ती काय करते? दारात बसून काठी गावच्या होळीला जाणाऱ्यांची गर्दी बघते आणि ढोल फार वाजतात म्हणून कुरकुरते. पण बोलायची सोय नाही. दिवली धानोऱ्याची; घरात मी भिलीत बोललो तरी ती भांडते अहिराणीत, आणि अहिराणीत भांडणाऱ्या बाईशी प्रमाण मराठी शिकवणारा माणूस जिंकलेला मी पाहिला नाही.

९ मार्च, रविवार

देवळाच्या फळ्यावर पास्टरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलंय: 'ईस्टरच्या सकाळी नदीवर बाप्तिस्मा. पूर्वतयारीचा वर्ग दर रविवारी. मार्गदर्शक: श्री. कोरडे सर.'

फळ्यासमोर मंडळी हसून हसून वाकडी झाली. पास्टर बिचारे फळ्यावर शुद्धलेखनाची चूक शोधत होते.

मी खरं सांगायला गेलो होतो. पण ते म्हणाले, "सर, तुमच्यासारखा अनुभवी माणूस मिळाला, माझी काळजीच गेली." कुणाची गेलेली काळजी परत आणायची माझी रीत नाही.

१६ मार्च, रविवार

पहिला वर्ग. चार जण. तिघं कॉलेजातली, त्यांना कशाचीच भीती नाही. चौथी रंजनाबाई, बाजारात भज्यांची गाडी लावते ती. तिला सगळ्याची.

"गुरुजी, पाणीमा डोया मीटाना का उघडा ठेवाना?"

"मिटायचे," मी ठोकून दिलं.

"आनि नाकमा पाणी गयं ते?"

"जात नाही."

"काब्र जात नही? पाणीले काय माहीत, मी बाप्तिस्मा ली ऱ्हायनू?"

मी विषय बदलून नदीवर आलो. लहानपणीच्या पुस्तकात नदीची एक कविता होती, कातरलेल्या कडांच्या पिवळ्या कागदावर, वर घागर घेतलेल्या मुलीचं चित्र. नदी डोंगराला सोडून निघते आणि वळून वळून बघते. मी ती चालीवर म्हटली, पोरं मोबाइल खाली ठेवून ऐकत राहिली. मला कवितेतली नदी फार आवडते. तिला खोली नसते.

खरी नदी मला एकदाच भेटली. सातव्या वर्षी, शाळेतून येताना, बैलाचं शेपूट धरून पूर ओलांडत होतो. बैलाने मधेच विचार बदलला. काकांनी मला केसांनी ओढून काढलं, पण कवितांचं पुस्तक वाहून गेलं. पुस्तक गेलं आणि मी राहिलो, हा व्यवहार मला पुष्कळ दिवस चुकीचा वाटत होता. तेव्हापासून अंघोळदेखील तांब्याने, मान बाहेर ठेवून.

२१ मार्च, शुक्रवार

मोठं भांडण.

रूपालीने सुरतची दुसरी तारीख मिळवली होती. दिवली म्हणाली, मोह गळायला लागेल, फुलं वेचायला घरात माणूस नाही. आमच्या बांधावर मोहाचं झाड एक. त्याची निम्मी फुलं शेजाऱ्याची शेळी खाते.

मी तोंड सोडलं. "होळी झाली, मोह झाला, पुढे काय? आंब्याचं लोणचं? तू बहाणे सांगतेस!"

ती चुलीपुढून उठली. हळूच उठली, हल्ली उठताना भिंतीला धरते. म्हणाली, "बहाणानं नाव कोन ली ऱ्हायनं? कोरडे मास्तर!"

मी चष्मा पुसायला घेतला.

"तुम्ही नदीमा उतरा," ती म्हणाली. "मंग मी सुरतले जासू. तुम्ही नही, ते मी बी नही."

"ही कसली अट? तुझ्या छातीचा आणि माझ्या नदीचा काय संबंध?"

"शे काहीतरी," म्हणाली आणि भाकरी उलटवायला बसली.

हट्टी बाई. मला बुडवायचं तिच्या मनात कधीचं आहे, आता ऑपरेशनचं निमित्त सापडलं. रूपालीला फोनवर सांगितलं तर पोरगीने आधी आईच्या गोळ्यांचं विचारलं. मग म्हणाली, "पप्पा, उतरा ना प्लीज." ईस्टरनंतरच्या गुरुवारची तारीख तिने नक्की करून टाकली. त्यापुढे तारीख मिळणार नाही आणि थांबूनही चालणार नाही, म्हणाली.

म्हणजे मी घाबरलो तर दिवली हातची जाणार. हे असं कागदावर लिहिलं की किती स्वच्छ दिसतं. रात्रभर लिहीत बसलो तरी पाणी उथळ होणार नाही.

२४ मार्च, सोमवार

धर्मचंदच्या दुकानातून मोठा प्लॅस्टिकचा टब आणला. धर्मचंद आणि मी बरोबरीचे. त्याचे आजोबा मारवाडातून पितळी भांडी घेऊन आले, तो प्लॅस्टिकवर आला.

"नातवाला अंघोळ घालायला का, मास्तरसाब?"

"नाही. मला तोंड बुडवायला."

सगळं सांगितलं. त्याने गल्ल्यामागे बसून शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "हमारे में पाणी गाळून पितात. तुम्ही लोक तर माणूसच गाळता!"

मग टबाच्या तळाला बोट लावून गंभीरपणे म्हणाला, "पण हा घ्या. चीर जात नाही. देव कोणाचाही असो, टब मजबूत पाहिजे."

२७ मार्च, गुरुवार

सराव. अंगणात टब, टबात पाणी, पाण्यात माझं तोंड. दिवली खाटेवर बसून बघते.

पहिल्या दिवशी हनुवटी. दुसऱ्या दिवशी ओठ. आज नाकाच्या शेंड्याला पाणी लागलं आणि मी असा उसळलो की कोंबड्या शेजारच्या घरात गेल्या.

प्रार्थना केली. जशी सुचली तशी लिहितो. देवा, तू पाण्यावरून चाललास. माझी तेवढी मागणी नाही. मला पाण्यात नुसतं उभं राहू दे. आणि तुझा शिष्य पेत्र होडीतून उतरून तुझ्याकडे येताना बुडायला लागला तेव्हा त्याचा हात धरलास, तो हात अजून रिकामा असेल तर कळव.

दिवलीला हसू आवरेना. पण मग एकदम विचारते, "खाले गयं का मानूस, तठे आंधारं रहास का?"

आता बघा. हिचा बाप्तिस्मा सोळाव्या वर्षी झालाय, खाली काय असतं ते हिलाच ठाऊक. आणि मला विचारते! विसरली असेल. वय झालं.

३० मार्च, रविवार

पास्टरांना गाठून खरं सांगितलं.

"पास्टर, मी कोरडा आहे."

"माहीत आहे ना, सर."

"तसं नाही. मी अजून कोरडाच आहे."

त्यांनी माझे दोन्ही हात धरले, आवाज खाली आणला. "सर, आध्यात्मिक कोरडेपणा प्रत्येकाच्या आयुष्यात येतो. मीसुद्धा त्यातून गेलोय."

"अहो, माझा बाप्तिस्मा झालेला नाही!"

हात सुटले. "मग वर्ग कोण शिकवतंय?"

"मीच."

पास्टर बाकावर बसले. मग विचारलं, इतकी वर्षं का नाही, आणि आता का. मी भीतीचं सांगितलं, बायकोच्या अटीचंही सांगितलं.

"बायकोच्या अटीवर मी कुणाला पाण्यात घेत नाही," ते म्हणाले. "तुमचा स्वतःचा विश्वास आहे का?"

"विश्वास आहे. पाण्यावर नाही."

ते हसले नाहीत. पोरगेलं तोंड एकदम मोठ्या माणसासारखं झालं. "सर, भीती संपल्यावर या, असं प्रभू कुणालाच म्हणाला नाही. संपायची वाट बघाल तर तुम्ही कोरडेच राहाल. भीत भीत या. पेत्र होडीतून उतरला तेव्हा काय धीट होता का?"

मी म्हटलं, "तो बुडायला लागला."

"हो ना. पण होडीत बसलेल्यांपैकी कुणाचाच हात प्रभूने धरला नाही."

हे मला कधी सुचलं नव्हतं. इतकी वर्षं रविवारच्या शाळेत मी तीच गोष्ट सांगत आलो, आणि मनातून होडीत बसून राहिलेल्या अकरा शिष्यांच्या बाजूने होतो.

आडनावाचं तेवढं सांगायचं राहिलं.

८ एप्रिल, मंगळवार

टबात पूर्ण चेहरा गेला. दिवलीने टाळी वाजवली आणि लगेच छातीवर हात दाबून बसली. मी धावलो. "काही नही," म्हणाली. ओठ निळसर दिसत होते. जांभळं खाल्लीस का विचारलं, तर एप्रिलमध्ये जांभळं कुठली, म्हणाली. खरंच की.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

उपासनेनंतर एकटाच डोह पाहायला गेलो. उन्हाळ्यात नदीत दगडच जास्त, पण पुलाखालचा डोह धरणाच्या पाण्याने भरलेला. हिरवट, स्थिर, काही न बोलणारा.

डोहात एक म्हैस बसली होती. फक्त नाकपुड्या आणि शिंगं वर. बाकी सगळी पाण्याच्या स्वाधीन, डोळे मिटलेले, रवंथ चालू. इतका गाढ विश्वास मी आमच्या मंडळीत कुणाचा पाहिलेला नाही, आमशाचा तर नाहीच.

मी घोट्यापर्यंत गेलो. मग म्हशीने फुर्र केलं आणि मी घरी आलो. चपला तिकडेच राहिल्या.

१९ एप्रिल, शनिवार

दुपारभर वही घेऊन बसलो. दोन ओळी जुळवल्या:

नदी म्हणाली, ये रे बाळा, किती राहशील काठावर?
बाळ म्हणाला, नातू मोठे. आता बोलवतेस का वर?

दुसऱ्या ओळीतला 'वर' पाहून मीच दचकलो.

दिवली सुरतची पिशवी भरत होती. साडी घालायची, काढायची, परत घालायची. शेवटी पिशवी रिकामी करून कोपऱ्यात ठेवली. "आधी तुमनं व्हऊ द्या," म्हणाली. माझ्यावर काडीचा भरवसा नाही हिचा.

मग म्हणाली, "त्या म्हनतस, सुई दी का मानूसले काहीच कळत नही. परत उठाडाले त्यासना हात."

मी म्हणालो, "डॉक्टर हुशार आहेत," आणि माझ्या डोहाचा विचार करत बसलो.

२० एप्रिल, ईस्टर

भिजलो!

क्रमाने लिहितो. सकाळी सगळी मंडळी नदीवर. पोरांचं आधी झालं. मग रंजनाबाई, नाक इतकं घट्ट धरून गेली की वर आल्यावर सोडवायला पास्टर लागले. मग मी. आमशा मोठ्याने, "नदीले सांगा, मास्तर उना! पूर येवानी तयारी ठेव!"

घोटे, गुडघे, कंबर. पाणी थंड. पायांखाली शेवाळ. कंबरेशी पाय थांबले. पुढे चला म्हणालो, चालत नव्हते. इतक्या वर्षांचा पूर नुसता तिथे उभा होता, आणि मी सात वर्षांचा. वळून काठाकडे पाहिलं. दिवली खडकावर बसली होती, दोन्ही मुठी आवळलेल्या, डोळे माझ्यावर. हसत नव्हती. हिला माझी इतकी काळजी आहे हे मला माहीत नव्हतं.

मनात म्हटलं, देवा, धीर नाही, हात आहे. हा घे. आणि खरंच हात पुढे केला. तो पास्टरांनी धरला. त्या वेळी मला एवढा फरक करता आला नाही, आणि करायची गरजही वाटली नाही. पाय निघाले. कंबर, छाती.

पास्टरांनी माझ्या पाठीला हात लावला, दुसरा वर केला आणि एस.टी. स्टँडचा आवाज काढला: "कोरडे! मी तुम्हांला..."

काठावर पहिल्यांदा आमशा फुटला. मग रंजनाबाई. मग सगळी मंडळी, म्हातारे, पोरं, पेटीवाला. पास्टर गोंधळून म्हणाले, "काय झालं?" मी म्हणालो, "पास्टर, ते माझं आडनाव नाही. मी नुसता कोरडा आहे म्हणून म्हणतात. माझं नाव उदेसिंग." त्यांचं तोंड पाहून मला इतकं हसू आलं, इतकं, की भीतीला आत उभं राहायला जागाच उरली नाही. "उदेसिंग!" ते ओरडले, त्यांनाही आता हसू आवरेना, बाकीचं घाईघाईने म्हणाले आणि मला घेऊन खाली.

तोंड उघडंच होतं. अर्धी नदी प्यालो.

वर आलो, ठसकलो, खोकलो, नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी. नाकात पाणी जातं, रंजनाबाई. क्षमा कर.

मेलो नाही, हे कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, या पाण्यात माझं एक पुस्तक आहे.

काठावर दिवलीने टॉवेल टाकला माझ्या अंगावर. डोकं पुसता पुसता, अगदी कानाशी, विचारलं, "काय व्हतं खाले? आंधारं व्हतं?"

खरं सांगायचं तर मी डोळे गच्च मिटले होते. काहीसुद्धा पाहिलं नाही. पण तोंडातून निघून गेलं, "नाही गं. हिरवं होतं. नुसतं हिरवं." का म्हणालो कोण जाणे. कवितेची सवय.

ती पुसायची थांबली. "हिरवं?"

"हिरवं. कोवळ्या भातासारखं."

मग देवळात आलो. महिन्याचा पहिला रविवार नसला तरी ईस्टरचं प्रभुभोजन होतंच. ताट आलं. दिवलीने तुकडा घेतला, ताट माझ्याकडे दिलं, आणि मी सवयीने पलीकडे सरकवलं! ती अख्ख्या देवळाला ऐकू जाईल अशी ओरडली, "अहो, ल्या ना! आते तरी ल्या!"

घेतलं. भाकरीचा एवढासा तुकडा. चव नदीची लागत होती.

घरी येऊन तिने पिशवी भरली. या वेळी परत रिकामी केली नाही.

२४ एप्रिल, गुरुवार. सुरत

तिला आत नेलं. दाराशी स्ट्रेचर थांबलं तेव्हा तिने माझ्या शर्टाची बाही ओढली. मला वाटलं प्रार्थना कर म्हणेल.

"हिरवं ना?"

"हिरवं," मी म्हणालो. रूपाली तोंड फिरवून उभी होती.

"तोंड मिटून जा," मी म्हणालो.

"काब्र? तुम्ही ते उघडंच ठेयं व्हतं," ती म्हणाली, आणि दार लागलं.

आता बसलोय. समोर पाण्याचा कूलर आहे, त्याचा एक थेंब पडायला फार वेळ लावतो. आमशाचा फोन आला होता, मंडळी देवळात प्रार्थनेला बसलीय. आणि पास्टरांनी फळ्यावर माझं नाव दुरुस्त केलं: 'श्री. ओले सर'. देवा, तो हात पुन्हा लागणार आहे. माझ्यासाठी नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

शुद्धीवर आली. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक. मला दोन मिनिटं आत सोडलं. नळ्याच नळ्या, मधे माझी दिवली. ओठ कोरडे, पण निळे नाहीत.

मी वाकलो. ती काहीतरी पुटपुटत होती. देवाचं नाव असेल म्हणून कान लावला.

"हिरवं बिरवं काही नही तठे," ती म्हणाली. "खोटं बोलनात, मास्तर."

"तू डोळे मिटले असशील," मी म्हणालो.

"तुमनाच मीटेल व्हतात," ती म्हणाली. "मी काठवरथून देखं ना."